जाळ्यासाठी केलेली शेती

१९४१ साली गॉर्डन विली आणि जॉन कॉर्बेट हे दोन अमेरिकन पुरातत्त्वज्ञ पेरूच्या किनाऱ्यावर आस्पेरो नावाच्या जागी खणत होते. सुपे नावाची लहानशी नदी पॅसिफिक महासागराला मिळते, तिथला हा उजाड माळ. जमीन राखेने काळी पडलेली, जिकडे तिकडे शिंपल्यांचा खच. त्यांना माशांचे काटे मिळाले, सुती दोऱ्यांचे तुकडे मिळाले, मक्याची थोडी कणसंही मिळाली. खापर मात्र औषधालाही नाही. आसपास काही उंचवटे होते. ती नैसर्गिक टेकाडं असावीत असं धरून दोघं पुढे गेले.

तीसेक वर्षांनी मायकेल मोझली हे तरुण संशोधक त्याच उंचवट्यांवर चढले आणि त्यांना दिसलं की ही टेकाडं नव्हेतच. माणसांनी दगड आणि भर रचून उभारलेले ते चौथरे होते. वर खोल्या होत्या, भिंतींना गिलावा होता. १९७३ साली मोझली आणि विली यांनी मिळून आस्पेरोविषयी नवा लेख लिहिला. आपली चूक दुरुस्त करणाऱ्या लेखावर आपलंच नाव घालायचं, याला मोठेपणा लागतो.

पण विलींसारख्या कसलेल्या माणसाला ते चौथरे दिसले का नाहीत? डोळे चांगलेच होते. अडचण होती ती मनात बसलेल्या एका क्रमाची, आणि तो क्रम आपणही शाळेत शिकलो आहोत. आधी माणूस भटकत शिकार करायचा. मग त्याला धान्य पेरायचं कळलं. धान्य आलं म्हणून तो एका जागी राहिला, मडकी घडवू लागला, लोकसंख्या वाढली. पोट भरून उरलेल्या धान्यावर पुरोहित, कारागीर, राजे पोसले गेले आणि शेवटी मोठी बांधकामं उभी राहिली. गॉर्डन चाइल्ड यांनी १९३०च्या दशकात याला ‘नवाश्मयुगीन क्रांती’ असं नाव दिलं. पश्चिम आशियाकडे पाहून रचलेली ही मांडणी तिथे बऱ्यापैकी बसतेही. या क्रमात मडकी न घडवणारे, मासे खाऊन राहणारे लोक देवळं बांधत नाहीत. तेव्हा आस्पेरोचे उंचवटे टेकाडंच असायला हवी होती.

पेरूत हा क्रम का उलटला हे समजायला तिथली जमीन आधी डोळ्यांपुढे आणावी लागते.

पेरूचा किनारा म्हणजे वाळवंट. लिमा शहरात वर्षभरात काही मिलिमीटर पाऊस पडतो, तोही भुरभुर. पूर्वेला अँडीज पर्वताची भिंत आहे, ती ॲमेझॉनकडून येणारी वाफ अडवते. पश्चिमेला समुद्र आहे, पण तो थंड. दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाह येतो आणि वारे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतात. त्याची जागा घ्यायला खोलवरचं गार पाणी वर येतं. गार पाण्यावरची हवाही गार राहते, वर चढत नाही, त्यामुळे धुकं साचतं पण पावसाचे ढग होत नाहीत.

मात्र जमिनीला उपाशी ठेवणारं हे पाणी समुद्राला भरभरून देतं. तळाची पोषकद्रव्यं वर आली की प्लवक माजतं, प्लवकावर अँचोव्हीचे थवे पोसले जातात आणि अँचोव्हीवर मोठे मासे, पेलिकन, पाणकावळे, सीलसारखे प्राणी. अँचोव्ही म्हणजे बोटाएवढा मासा, आपल्या मांदेलीच्या कुळातला. जगातला सगळ्यात समृद्ध म्हणावा असा मासळीचा पट्टा जगातल्या सगळ्यात कोरड्या वाळवंटांपैकी एकाला लागून आहे. आणि किनाऱ्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर आत गेलं की आपण चार हजार मीटरच्याही वर असतो. मध्ये उतारावर दर काही शे मीटरला हवामान बदलतं, पिकं बदलतात. या उतारावरून पन्नासेक नद्या वाळवंट चिरत समुद्राकडे उतरतात. त्यांच्या काठची हिरवी पट्टी सोडली तर बाकी सगळं रेती आणि खडक.

या मुलखात माणूस आला तेव्हा हिमयुग सरत होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती. म्हणजे सगळ्यात जुने किनारी तळ आज पाण्याखाली आहेत. पण दक्षिण पेरूत केब्राडा हाग्वाय नावाची एक जागा वाचली आहे. सुमारे १३,००० वर्षांपूर्वीपासून लोक तिथे येऊन मासे आणि शिंपले खात होते. तिथल्या कचऱ्यात ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेचे तुकडे मिळाले. ही काच किनाऱ्यावर होत नाही. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत मूलद्रव्यांचं प्रमाण थोडं वेगळं असतं, त्यामुळे तुकडा कुठला ते ओळखता येतं. हे तुकडे आल्का नावाच्या डोंगराळ भागातले निघाले, शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावरचे.

त्याच डोंगरांत, ४,४८० मीटर उंचीवर, कुनकाइचा नावाची गुहा आहे. कर्ट रेडमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं की तिथे सुमारे १२,००० वर्षांपूर्वी माणसं राहत होती. त्या उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. आजही पाहुणा माणूस तिथे पोहोचला की डोकं धरून बसतो. तरीही हे लोक विकुन्या, म्हणजे उंटाच्या कुळातला एक रानटी प्राणी, आणि हरणं मारत तिथे राहिले. म्हणजे कुणी शेती करायच्या कितीतरी आधी किनारा आणि डोंगर यांची ओळख झालेली होती. पुढची सगळी गोष्ट या ओळखीवर चालते.

आधी किनाऱ्याकडे वळू. लिमाच्या दक्षिणेला चिल्का खोऱ्याजवळ पालोमा नावाचं गाव होतं. समुद्र काही किलोमीटरवर, आणि गाव मात्र पाण्याकाठी नाही, डोंगरउतारावर. हिवाळ्यात समुद्रावरून येणारं धुकं तिथल्या टेकड्यांना अडतं. त्या ओलाव्यावर गवत, झुडपं, कंद उगवतात. पेरूत या धुक्यावरच्या कुरणांना ‘लोमास’ म्हणतात. सुमारे सात-साडेसात हजार वर्षांपूर्वीपासून पालोमात लोकांनी वेताच्या आणि गवताच्या गोल झोपड्या बांधल्या. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे समुद्रातले लहान मासे, बाकी शिंपले आणि लोमासमधला पाला. मेलेल्या माणसांना ते चटईत गुंडाळून झोपडीच्याच जमिनीत पुरायचे.

पालोमाच्या सांगाड्यांमध्ये काही पुरुषांच्या कानाच्या नळीत हाडाची गाठ वाढलेली आढळते. वर्षानुवर्षं गार पाण्यात बुड्या मारल्या की अशी गाठ येते, लाटांवर खेळणाऱ्या आजच्या लोकांनाही येते. बहुतेक बायकांच्या कानात ती नाही. पाण्यात बुड्या कोण मारत होतं, हे हाडं सांगतात.

या लोकांना शेती अगदीच ठाऊक नव्हती असंही नाही. भोपळ्यासारखी काही पिकं ते लावत. पण पोट त्यावर अवलंबून नव्हतं. घर एका जागी, माणसं पुरलेली घराखाली, आणि चूल पेटती ठेवणारा समुद्र. पुस्तकातल्या क्रमाने चालायचं तर इथे पहिली पायरीच गळाली.

याहून दक्षिणेला, आजच्या उत्तर चिलीच्या आताकामा किनाऱ्यावर चिंचोरो लोक होते. त्यांच्याकडे तर शेतीच नव्हती. शिंपल्याचे आणि निवडुंगाच्या काट्याचे गळ, दगडी अणीचे भाले, बस. आणि याच लोकांनी सुमारे ७,००० वर्षांपूर्वी आपल्या मेलेल्यांच्या ममी बनवायला सुरुवात केली, इजिप्तच्या कितीतरी आधी. कातडी सोलून बाजूला ठेवायची, मांस आणि आतडी काढायची, हाडांना काटक्या आणि लव्हाळ्यांचा आधार द्यायचा, मातीने अंग पुन्हा भरायचं, कातडी परत चढवायची, डोक्यावर माणसाच्याच केसांचा टोप, आणि वर मँगनीजचा काळा लेप. पुढे काळ्याची जागा लाल गेरूने घेतली. इजिप्तमध्ये हा मान आधी राजाचा आणि बड्या लोकांचा. चिंचोरोंमध्ये सुरुवातीच्या ममींत तान्ही मुलं आहेत, न जन्मलेले गर्भसुद्धा आहेत. त्यांच्या मुलखातल्या कामारोनेस नदीच्या पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक प्रचंड आहे, आज पिण्याच्या पाण्यासाठी जी मर्यादा मानतात तिच्या शंभर पटीच्या घरात. हे विष गर्भपात आणि बालमृत्यू वाढवतं. चिलीचे अभ्यासक बेर्नार्दो आरियासा यांचा तर्क आहे की एकामागून एक गेलेल्या मुलांच्या दुःखातून ही प्रथा उपजली असावी. तर्कच आहे, सिद्ध करता येणारा नाही. पण त्या मातीच्या मुखवट्यांचे छोटे चेहरे चित्रात पाहिले की तो पटू लागतो. २०२१ साली या जागा जागतिक वारसा यादीत आल्या.

आता डोंगरावर चढू. इथे शिकाऱ्यांची एक जुनी प्रतिमा अलीकडेच दोनदा हलली. टिटिकाका सरोवराच्या बाजूला विलामाया पात्शा नावाच्या जागी, ३,९२५ मीटरवर, ९,००० वर्षांपूर्वीचं एक दफन मिळालं. सोबत भाल्याची पाती, सोलायची आणि कापायची हत्यारं, अशी शिकाऱ्याची पूर्ण झोळी. सांगाडा निघाला सतरा ते एकोणीस वर्षांच्या मुलीचा. २०२० साली ही बातमी जगभर गाजली. २०२४ साली याच भागातल्या चोवीस सांगाड्यांच्या हाडांची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातून असं दिसलं की या ‘शिकाऱ्यांच्या’ आहारात सुमारे ऐंशी टक्के वाटा वनस्पतींचा होता, बहुधा बटाट्यासारख्या कंदांचा. दगडी पाती हजारो वर्षं टिकतात, खाल्लेला कंद टिकत नाही. खणणाऱ्याच्या हाती पाती लागतात आणि मग सगळे पूर्वज त्याला शिकारी दिसू लागतात.

रानबटाटा कडू आणि विषारी असतो. अँडीजमधले लोक आजही काही कडू जातींचे बटाटे विशिष्ट चिकणमातीच्या पातळ कालवणात बुडवून खातात. माती विषाला धरून ठेवते आणि पोटाबाहेर काढते. दुसरी युक्ती चुन्यो. डोंगरावर रात्री पाणी गोठतं आणि दिवसा कडक ऊन पडतं. बटाटे रात्री उघड्यावर टाकायचे, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचं, असं काही दिवस करायचं. हाती येतो तो खडा वर्षानुवर्षं टिकतो. थंडी हे तिथलं संकट, तीच त्यांनी कामाला लावली.

जनावरांची कथा मध्य पेरूतल्या हुनिनच्या पठारावरच्या तेलार्माचाय गुहेत वाचता येते. उंची ४,४२० मीटर. खालच्या, जुन्या थरांत हरणं आणि उंटाच्या कुळातले रानटी प्राणी, ग्वानाको आणि विकुन्या, यांची हाडं मिसळलेली आहेत. वर येताना हरणं घटतात आणि उंटकुळातली हाडं वाढत जातात. मग सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या थरांत एक विचित्र गोष्ट दिसते: जन्मतःच किंवा काही दिवसांत मेलेल्या पिल्लांची हाडं ढिगाने. शिकारी एवढी पिल्लं कशाला मारेल? उलगडा गोठ्यात आहे. जनावरं दाटीने कोंडली की घाण साठते आणि पिल्लांना आतड्याचा रोग होतो. लामा-अल्पाका पाळणाऱ्यांना तो आजही छळतो. म्हणजे कुंपण आलं होतं. माणसाळवण्याचा पुरावा असा मेलेल्या पिल्लांमधून मिळावा, हे जरा जड वाटतं खरं. पुढे लामा ओझी वाहू लागला, अल्पाका लोकर देऊ लागला. त्यांचं दूध काढायची रीत मात्र तिथे पडली नाही.

किनारा आणि उंच पठार यांच्या मधला उतार, तोच खरा पिकांचा मुलूख. उत्तर पेरूतल्या सान्या खोऱ्याच्या वरच्या भागात टॉम डिलेहे यांनी अनेक वर्षं काम केलं. तिथे भोपळ्याच्या जातीचं पीक सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचं, शेंगदाणा आठ हजारांहून जुना आणि कापूस सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचा मिळाला. पाणी शेतात नेणारे छोटे पाटही आहेत, निदान ५,४०० वर्षांचे जुने. हे कळलं कसं? काही दाणे आणि टरफलं जळून टिकली होती. पण मला सगळ्यात आवडतो तो दातांचा पुरावा. त्या लोकांच्या दातांवर साठलेलं किटण डोलोरेस पिपेर्नो आणि डिलेहे यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तर त्यात पिष्टाचे कण अडकलेले मिळाले: घेवड्याचे, शेंगदाण्याचे, भोपळ्याचे. कुणी आठ हजार वर्षांपूर्वी नीट चूळ भरली नाही, त्याचे आपण ऋणी आहोत.

शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिथलाच, रताळंही अमेरिकेतलं, आणि साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात तो ॲमेझॉनच्या काठचा. मिरचीही अमेरिकेची. पोर्तुगीजांची जहाजं गोव्याला लागू लागेपर्यंत यातलं काही आपल्या स्वयंपाकघरात नव्हतं, बटाटा हे नावसुद्धा त्यांच्याकडूनच आलं. सोवळ्यातली उपवासाची खिचडी म्हणजे तूप आणि जिरं सोडलं तर जवळपास सगळी तिकडची.

आता मुख्य मुद्द्याकडे. किनाऱ्यावरच्या लोकांनी आधी काय लावलं, हे पाहिलं तर दोन नावं पुन्हा पुन्हा येतात: भोपळा आणि कापूस. यातला भोपळा म्हणजे आपला दुधी, तीच जात. वाळवला की हलका आणि पाणी न शिरणारा होतो. मडकी नसलेल्या लोकांचं तेच भांडं. आणि तोच जाळ्याच्या वरच्या काठाला बांधला की जाळं तरंगतं. आपल्याकडे पाठीला वाळका भोपळा बांधून पोरं विहिरीत पोहायला शिकायची, त्यातलीच ही युक्ती. कापसाचा दोर वळून जाळं विणायचं, खालच्या काठाला दगडाचं वजन, वरच्या काठाला भोपळे. अँचोव्ही गळाने धरायचा मासा नाही, एकेक धरून कुणाचं पोट भरायचं? त्याला बारीक आसाचं जाळंच लागतं. जाळ्याला मैलोगणती दोर लागतो. दोराला कापूस लागतो. कापसाला पाणी आणि जमीन लागते.

म्हणजे शेती आली ती मासे धरायची सोय म्हणून. मोझलींनी १९७५ साली हाच विचार मांडला: अँडीजच्या संस्कृतीचा पाया समुद्रावर घातला गेला, धान्यावर नव्हे.

कापसाचं महत्त्व हुआका प्रिएता इथे डोळ्यांना दिसतं. चिकामा नदीच्या मुखाशी असलेल्या या टेकाडात ज्युनियस बर्ड यांनी १९४६-४७ मध्ये खणलं आणि हजारो सुती तुकडे बाहेर काढले. माग नव्हता. उभे दोरे मांडून आडवे दोरे हातांनी पिळत नेलेलं हे कापड. त्यावर खेकडे, साप, पंख पसरलेला गिधाडाच्या जातीचा काँडॉर अशा आकृत्या होत्या. रंग उडाल्यामुळे त्या सूक्ष्मदर्शकाखाली दोऱ्यांची मांडणी मोजून पुन्हा काढाव्या लागल्या. २०१६ साली तिथल्याच सुमारे ६,००० वर्षं जुन्या तुकड्यांवर नीळ सापडली, कापडावरची जगातली आजवरची सगळ्यात जुनी. निळीचं पान नुसतं उकळून रंग देत नाही. ते आंबवावं लागतं, आणि कापड हवेत काढल्यावर निळं होतं. मडकं माहीत नसलेल्या लोकांना हे माहीत होतं.

आता पुन्हा सुपे खोऱ्यात येऊ, आस्पेरोपासून सुमारे २३ किलोमीटर आत. तिथे काराल आहे. पॉल कोसोक १९४०च्या दशकात तिथून गेले होते, पण त्या जागेने फारसं कुणाला बांधून ठेवलं नाही. सोनं नाही, खापरं नाहीत, मग कबरी लुटणारेही फिरकत नाहीत. ही जागा वाचली ती बहुधा या कंगालपणामुळेच. १९९०च्या दशकात रूथ शेडी यांनी तिथे उत्खनन सुरू केलं.

जे निघालं ते ६६ हेक्टरांवर पसरलेलं गाव होतं. सहा मोठे पायऱ्यापायऱ्यांचे चौथरे, त्यातला सगळ्यात मोठा एका बाजूने अठ्ठावीस मीटर उंच. समोर जमिनीत खोल केलेली गोल पटांगणं. राहायची घरं काही ऐसपैस, काही अगदी खुराड्यासारखी. तटबंदी मिळालेली नाही. खापर इथेही नाही.

याचं वय कसं काढलं? चौथऱ्यांची भर घालताना लोकांनी लव्हाळ्याच्या जाळीदार पिशव्या विणल्या, त्यात दगड भरले आणि पिशवीसकट ते आत रचले. या पिशव्यांना शिक्रा म्हणतात. किरणोत्सारी कार्बनने वय काढताना लाकूड फसवतं, कारण तुळई बांधकामात बसायच्या शंभर-दोनशे वर्षं आधीच झाड वाढलेलं असू शकतं. लव्हाळं मात्र एका मोसमात वाढतं, कापलं की लगेच विणतात. त्यामुळे पिशवीचं वय म्हणजे बांधकामाचंच वय. २००१ साली शेडी, जोनाथन हास आणि विनिफ्रेड क्रीमर यांनी ते जाहीर केलं: इसवी सनपूर्व २६२७. इजिप्तमध्ये पहिला पायऱ्यांचा पिरॅमिड उभा राहत होता आणि आपल्याकडे सिंधूच्या काठी मोठी शहरं आकार घेत होती, साधारण तोच हा काळ. फरक एवढाच की त्या दोघांकडे धान्याची कोठारं होती.

कारालच्या कचऱ्यात समुद्रातल्या प्राण्यांची रेलचेल आहे. अँचोव्ही, आपल्या तारलीसारखे मासे, शिणाणे, तिसऱ्यांसारखे शिंपले. समुद्र एका दिवसाच्या चालीवर, तरी खाणं बरंचसं समुद्राचं. आणि आतल्या खोऱ्यात पिकत होता कापूस. आस्पेरोच्या कोळ्यांकडे मासे होते, पण कापसाला जमीन अपुरी. कारालकडे जमीन आणि पाटाचं पाणी होतं. सुका मासा वर, कापूस खाली. या देवघेवीतून श्रीमंती कुणाकडे साठली असेल, ते बांधकामं कुठे मोठी आहेत यावरून ताडता येतं: समुद्रकाठी नाही, आत.

इथे वाद आहे. हास आणि क्रीमर यांचं म्हणणं पडलं की मोझलींनी समुद्राला जरा जास्तच श्रेय दिलं. २०१३ साली त्यांनी सुपेच्या शेजारच्या खोऱ्यांतले परागकण, दगडी हत्यारांवरचं पिष्ट आणि माणसांची वाळलेली विष्ठा तपासून दाखवलं की मका तिथे सर्रास होता. रताळी, घेवडा, मिरची, भोपळा तर होतेच. हा पुरावा झटकून टाकण्यासारखा नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर मका होता की नव्हता, यात फार अडकायला नको. मका त्या किनाऱ्यावर कारालच्या दोन हजार वर्षं आधीपासून होता, हुआका प्रिएताजवळ मक्याची फार जुनी कणसं मिळाली आहेत. प्रश्न आहे तो पाट खणायला, खोऱ्यात आत जाऊन वसायला लोकांना भरीला कुणी घातलं याचा. आणि तिथे कापसाचं पारडं मला जड वाटतं, कारण ज्याच्याकडे मासे आहेत त्याला धान्य नसलं तरी चालतं, पण दोराशिवाय त्याचं पानही हलत नाही.

त्याच काळात डोंगरात देवळं उभी राहत होती, पण ती वेगळ्या घडणीची. टोकियो विद्यापीठाच्या मोहिमेने सेइइची इझुमी यांच्या नेतृत्वाखाली १९६० साली हुआनुको शहराजवळ कोतोश इथे उत्खनन केलं. सुमारे २,००० मीटर उंची. तिथे मिळाली एक चौकोनी खोली, मध्ये खोलगट जमीन, बरोब्बर मधोमध अग्निकुंड, आणि कुंडाला हवा पुरवायला जमिनीखालून काढलेली नळी. भिंतीवर मातीत घडवलेले, एकमेकांवर घडी घातलेले दोन हात. जुनं देऊळ मोडायचं नाही, ते काळजीने भरून काढायचं आणि त्यावर नवं बांधायचं, अशी तिथली रीत, म्हणून ते हात टिकले. हजारो लोकांच्या पटांगणाऐवजी ही चार-सहा जणांनी दाटीवाटीने बसायची जागा. अशाच धाटणीच्या खोल्या ला गालगादा इथे आहेत, किनारा आणि डोंगर यांना जोडणाऱ्या एका दरीत. तिथल्या कुंडात जळलेल्या मिरच्यांच्या बिया मिळाल्या. बंद खोलीत मिरची जळली की काय होतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. डोळ्यांतून धारा लागणं हाच विधीचा भाग असावा, असं उत्खनकांना वाटलं. तिथल्या कबरींत समुद्राचे शिंपले आहेत, ॲमेझॉनच्या पक्ष्यांची पिसं आहेत, आणि सुती कापड तर आहेच.

कारालच्या एका पटांगणाशी पुरलेल्या बत्तीस हाडी बासऱ्या मिळाल्या. काही पेलिकनच्या हाडांच्या, काही काँडॉरच्या. एक पक्षी समुद्राचा, दुसरा शिखरांचा.

हे सगळं ज्या समुद्रावर उभं होतं, तो मात्र लहरी. दर काही वर्षांनी गार पाणी वर येणं थांबतं, पाणी तापतं, अँचोव्ही खोल किंवा दूर जातो, आणि कोरड्या किनाऱ्यावर ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो. नाताळच्या सुमारास येतं म्हणून पेरूच्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं, एल निनो. जूनमध्ये पावसाने दडी मारली की आपल्याकडच्या बातम्यांत जो शब्द येतो, तो या कोळ्यांचा. डॅनिएल सँडवाइस यांच्या अभ्यासानुसार सुमारे ५,८०० ते ३,००० वर्षांपूर्वीच्या काळात ही उलथापालथ आजच्या मानाने कमी वेळा होत होती. किनाऱ्यावरचे मोठे चौथरे त्याच काळात उभे राहिले. इसवी सनपूर्व १८००च्या आसपास सुपे खोऱ्याला उतरती कळा लागली. भूकंपाने चौथरे खचल्याच्या खुणा आहेत, पुराने वाहून आणलेला गाळ आहे, आणि तोच गाळ लाटांनी किनाऱ्याला लावल्यावर वाऱ्याने त्याची वाळू करून शेतांवर आणून टाकली.

त्याच सुमाराला पेरूच्या किनाऱ्यावर मडकी आली, माग आला, मोठे पाट आले, आणि लोकवस्ती खोऱ्यांत आणखी आत सरकली. म्हणजे पुस्तकातल्या क्रमात जे सुरुवातीला असतं, ते इथे हजार वर्षं देवळं बांधून झाल्यावर आलं.

अँचोव्ही अजून येतो. १९७० साली पेरूच्या बोटींनी एक कोटी वीस लाख टनांहून जास्त अँचोव्ही उपसला, आणि दोन वर्षांनी एल निनो आला तेव्हा तो धंदा कोसळला. नंतर सावरला. आता त्यातला बहुतेक मासा माणसाच्या ताटात जात नाही. त्याचा भुगा करतात आणि कोंबड्यांना, तळ्यातल्या माशांना घालतात.